टॅग लावलेला जोड

अश्लेषाचा फोन आला तेव्हा मी पोहे खात होतो. ऑगस्टमधला रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील.

"रवी, एक काम होतं. गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, पर्थचा माणूस आहे, उद्या येऊन बघणार म्हणतो. पण सेंग अंकल म्हणाले, चालू केली की खालून फटफट आवाज येतो, एक्झॉस्टचा जोड गेलाय. ते स्वतः हात लावायला तयार नाहीत. तू बघशील का? बुधवारचं विमान आहे आमचं. त्याआधी हे एकदाचं संपू दे."

"बघतो की. त्यात काय एवढं."

विनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, न विचारताच माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. आपला नवरा मित्राच्या माघारी त्याच्या बायकोला मदत करतोय, याचं तिला फार कौतुक होतं.

मी सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात पाइपिंगचा इंजिनियर आहे. दोन पाइपांची तोंडं समोरासमोर आणायची, मध्ये गॅस्केटची चकती घालायची, नट आवळायचे आणि तो जोड गळू द्यायचा नाही, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. आमच्याकडे जोड आवळून झाला की त्याला पिवळा टॅग बांधतात. टॅगवर आवळणाऱ्याचं नाव, तारीख, सही आणि खाली ठळक अक्षरांत सूचना असते: या जोडाला परवानगीशिवाय कुणीही हात लावू नये. ही शिस्त अंगात इतकी मुरते की घरी बेसिनखालचा पाइप बदलला तरी हात खिशात टॅग शोधतो.

अश्लेषाचा नवरा सौमित्र, माझा नऊ वर्षांपासूनचा मित्र. आठवडाभर रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत टाय लावून बसायचा आणि शनिवारी आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत, भाड्यानं घेतलेल्या गाळ्यात, गाडीखाली लोळायचा. गाडी ऑस्ट्रेलियातली, १९७३ सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरची, भडक केशरी. इतकी जुनी गाडी इथं वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर आणता येते. बाकी दिवस ती उभीच, म्हणून सौमित्र तिला 'म्हैस' म्हणायचा. खाते भरपूर, जागची हलत नाही आणि डोळे मात्र सुंदर.

मे महिन्यात म्हशीच्या इंजिनाला धूर वाहून नेणारा एक्झॉस्ट पाइप जिथं जोडलेला असतो तिथला जोड फुटला, आणि तो मी दुरुस्त केला. नवं गॅस्केट घातलं, तिन्ही नट मोजून मापून आवळले आणि गंमत म्हणून आमच्या कारखान्यातला पिवळा टॅगही बांधला. माझं नाव, तारीख, सही. सौमित्र पोट धरून हसला. "आता काय, म्हशीला दागिना झाला."

आता माझी चूक सांगतो. जुन्या गाडीचा हा जोड एकदा आवळून भागत नाही. इंजिन तापतं, निवतं, लोखंड फुगतं आणि आकसतं, मग नट सैल पडतात. दोनचार दिवसांनी पुन्हा आवळावे लागतात, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला ठाऊक असतं. मी गॅरेजवाला नव्हतो. माझ्या दुनियेत टॅग लागला की जोड संपला. जूनमध्ये सौमित्रनं फोन केला, "रवी, खालून टिक टिक येतंय रे. जरा आवळू का?" मी म्हणालो, "टॅग लावलेल्या जोडाला हात लावायचा नाही. गार असताना येतो तसा आवाज, तापलं की जातो." त्यानं माझं ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकायचा.

एकवीस जूनचा शुक्रवार सिंगापुरात कुणी विसरणार नाही. सुमात्रातल्या जंगलांच्या आगीचा धूर आठवडाभर शहरावर बसला होता, त्या दिवशी तर समोरची इमारत दिसेना. आमची बाहेरची कामं बंद झाली, कंपनीच्या बसनं आम्हाला दुपारीच परत आणलं. बसमध्ये असतानाच सौमित्रचा फोन आला. "गाळ्यावर आहे. म्हशीचा आवाज वाढलाय रे, ये ना जरा." मी म्हणालो, येतो. वाटेत मास्कसाठी रांग लावली. त्या रांगेत माझा पाऊण तास गेला.

गाळ्याचं शटर धुरामुळे त्यानं जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली ओढलं होतं. मी ते वर केलं. इंजिन चालू होतं. काचा बंद करून सौमित्र गाडीत बसला होता, पाय लांब करून, मान मागे टाकून. मागच्या एक्झॉस्टला त्यानं गॅरेजमधली जाड नळी लावली होती आणि तिचं दुसरं टोक शटरखालून बाहेर काढलं होतं. म्हणजे धूर बाहेर जावा याची त्यानं पुरती काळजी घेतली होती. धूर तिथून येत नव्हता. तो पुढून, माझ्या जोडातून येत होता, आणि सगळीकडेच जळका वास असल्यामुळे त्याला तो वेगळा असा जाणवलाच नसणार.

मी त्याला ओढून बाहेर काढलं. काही उरलं नव्हतं. रुग्णवाहिका यायला आठ मिनिटं लागली, आणि त्या आठ मिनिटांत मी ती नळी काढली, गुंडाळली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

का, ते मला विचारू नका. नोकरी, इथं राहायचा पास, तुरुंग, विनीता, असलं काहीतरी डोक्यात एकदम आलं. पण नळी नाही, शटर बंद, इंजिन चालू, आत माणूस, एवढंच उरल्यावर कुणी गाडीखाली वाकून कशाला बघेल? त्यातून कळलं की बँकेनं त्याला कामावरून काढण्याची नोटीस दिली होती आणि त्यानं ती घरी सांगितली नव्हती. मग सगळ्यांचं एकच मत झालं. सौमित्रनं जीव दिला.

अश्लेषानं तेच धरून ठेवलं. रडली नाही फारशी. त्याचा फोटो लावला नाही, दहाव्याला कुणाला बोलावलं नाही. आठ वर्षांची कस्तुरी विचारायची, "डॅडी डिडन्ट वॉन्ट अस, ईझ इट?" आणि अश्लेषा उत्तर द्यायची नाही. मला दोन वाक्यं बोलायची होती. तो तुम्हाला सोडून गेला नाही. माझ्यामुळे गेला. दोन महिने रोज मी ती वाक्यं ओठांपर्यंत आणत होतो आणि गिळत होतो.

त्या रविवारी बसमध्ये बसताना मी ठरवलं होतं की आज सांगायचंच. पण त्याआधी टॅग काढायचा, हेही ठरवलं होतं. उद्या गिऱ्हाईक गाडीखाली निजणार आणि त्याला माझी सही दिसणार. एकाच मनात दोन्ही बेत कसे नांदत होते, ते माझं मलाच ठाऊक.

चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता. या महिन्यात त्यांचे मेलेले परत येतात, म्हणून गाळ्याच्या इमारतीखाली, सामानाच्या लिफ्टपाशी, पत्र्याच्या पिंपात सगळे कागदी नोटा आणि कागदी कपडे जाळत होते. जे जाळाल ते तिकडे पोचतं असं मानतात. तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या गाळ्याचे सेंग अंकल माझी वाट बघत थांबले होते. शटर वर केलं, किल्ली हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकले.

"यू डू युवरसेल्फ, लाह. दिस मंथ, दिस कार, आय डोन्ट टच."

"यू कम इन, अंकल. टेन मिनिट्स ओन्ली."

"नो, नो. आय गो डाउन. यू फिनिश, यू कॉल मी." आणि ते खरोखरच खाली गेले.

रविवारमुळे अख्खा मजला रिकामा होता. दुपारचा एक वाजला होता, ट्यूबलाइट लख्ख होत्या, भीती वाटावी असं काहीच नव्हतं. म्हशीवर धुळीचा थर होता. पुढची चाकं लोखंडी उतरणीवर चढवलेलीच होती. बॅटरीची वायर काढलेली होती, ती मी मुद्दाम बघितली. मग चाकांच्या फळीवर पाठ टेकली आणि स्वतःला गाडीखाली ढकललं.

टॅग तिथंच होता. इंजिनाच्या धगीनं तापून कडा तपकिरी झालेल्या, पण माझी सही शाबूत. मी तो कापून शर्टाच्या खिशात घातला तेव्हा खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. मग नटांना हात लावला. तिन्ही नट नुसत्या बोटांनी फिरले. गॅस्केटचा एका बाजूचा तुकडा उडून गेला होता, अंगठा जाईल एवढी फट पडली होती. दोन महिने जे मला ठाऊक होतं ते आता डोळ्यांनी दिसत होतं.

जुनं गॅस्केट खरवडून काढलं, नवं बसवलं, नट हातानं लावून थोडे आवळले. पुढची आमची पद्धत अशी, की जोडावर साबणाचं पाणी मारायचं आणि पाइपच्या मागच्या तोंडातून ब्लोअरनं हवा भरायची. जिथं गळत असेल तिथं बुडबुडा येतो. मी बाटलीतलं साबणाचं पाणी जोडावर फवारलं आणि ब्लोअर घ्यायला सरकणार, तेवढ्यात बुडबुडा आला.

ब्लोअर अजून डब्यात होता.

बुडबुडा लिंबाएवढा झाला, थांबला आणि फुटला नाही. हळूहळू आत ओढला गेला. मग पुन्हा वर आला. पुन्हा आत.

मी इंजिनियर आहे, मी कारणं शोधली. बाहेर ऊन आहे, पाइपमधली हवा तापून फुगत असेल. फुगेल, पण मग आत कशी जाईल? वाऱ्यानं? वारा कुठला, सगळं बंद. मी तळहात जोडाजवळ नेला. हवा उबदार होती. ओलसर होती. आणि तिला पेट्रोलचा नाही, जळक्या रानाचा वास होता, त्या शुक्रवारचा, जो शहरातून जाऊन दोन महिने झाले होते.

बुडबुडा वर येत होता, आत जात होता. झोपलेल्या माणसाची छाती हलते त्या चालीनं.

मी पाना उचलला. दुसरं काय करणार, हाताला तेवढंच येतं. पहिला नट पाव फेरा आवळला. बुडबुडा लहान झाला आणि भराभर येऊ लागला. आणखी पाव फेरा... आता तो वाटाण्याएवढा, थरथरता, एकामागून एक. मी दम्याचा झटका पाहिला आहे, माझ्या आईला दमा होता. माणूस हवेसाठी कसा झगडतो ते मला माहीत आहे. घाबरून नट उलटा फिरवला, सैल केला. पुन्हा लिंबाएवढा बुडबुडा. पुन्हा ती सावकाश चाल.

"सौमित्र...?" माझ्या तोंडून निघून गेलं.

उत्तर नाही आलं. पण गाडी खाली आली. वर उजव्या सीटवर कुणीतरी बसावं आणि स्प्रिंग दबाव्यात, तशी ती सावकाश दोन बोटं खाली आली आणि माझ्या कपाळापासून वीतभरावर थांबली. दार उघडल्याचा आवाज झाला नव्हता. कुणी चालत आल्याचा आवाज झाला नव्हता. मला हलता येईना. फळीची चाकं होती, एक पाय टेकवला असता तर बाहेर आलो असतो, पण पाय माझे राहिले नव्हते.

असा किती वेळ पडून होतो कोण जाणे. मग पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि शटरपाशी दोन ओळखीचे पाय दिसले.

"रवी? आहेस का रे?"

"आहे. खाली आहे."

"नको उठूस, चालू दे तुझं. गाडीचे कागद ठेवायला आले. कस्तुरीला शेजारी ठेवलंय." अश्लेषा गाडीभोवती फिरली. "बसू का रे जरा आत? शेवटचं."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिनं डावीकडचं दार उघडलं आणि ती शेजारच्या सीटवर बसली. या बाजूनं गाडी दबली. उजवी बाजू आधीपासूनच दबलेली होती.

गिअरपाशी गाडीच्या तळाला जुनं भोक होतं, त्याचं रबर कधीच झडलं होतं. त्यातून तिचा आवाज माझ्या तोंडावर पडल्यासारखा येत होता.

"गार आहे आत," ती म्हणाली. "रवी, एक विचारू? तू पहिला पोचलास. कसा होता तो?"

माझ्या डोळ्यांसमोर बुडबुडा पूर्ण फुगला होता आणि थांबला होता. आत जाईना, फुटेना. त्याच्यावर ट्यूबलाइटची बारीक रेघ चमकत होती. वर कुणीतरी श्वास रोखून धरला होता आणि ती अश्लेषा नव्हती, कारण ती रडत होती.

"म्हणजे... शांत होता का? की त्याला बाहेर यायचं होतं? दाराला हात वगैरे? काहीतरी सांग ना. एवढं कळलं तरी मला..."

दोन वाक्यं होती. पाठ होती. नळी मी काढली, अश्लेषा, एवढंही पुरलं असतं.

"शांत होता," मी म्हणालो. "झोपल्यासारखा."

"म्हणजे ठरवूनच."

मी पाना छातीवर ओढून घेतला.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "उगाच वेडी आशा होती मला. आता नाही."

बुडबुडा फुटला. साबणाचे शिंतोडे माझ्या डोळ्यांत गेले, डोळे चुरचुरले, आणि तशा मिटल्या डोळ्यांनीच मी पाना नटाला लावला. तिला ऐकू जाऊ नये, एवढंच मनात होतं. त्या भोकातून तो श्वास वर जाईल, तिला वास येईल, ती वाकून बघेल, विचारेल. मी आवळला. पान्याच्या दांड्यातून हातात काहीतरी धडधडत होतं. दुसरा नट. तिसरा. पुन्हा पहिला. वर अश्लेषा म्हणाली, "जीव घुसमटतोय रे इथं, मी जाते," आणि दार उघडून निघून गेली. मी थांबलो नाही. मनगट दुखेपर्यंत आवळला, धडधड बारीक होत होत बंद पडेपर्यंत, आणि त्यानंतरही अर्धा फेरा.

मग मी पुन्हा साबणाचं पाणी मारलं. ब्लोअर लावून हवा भरली. कुठंही बुडबुडा नाही. जोड उत्तम झाला होता, माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत इतका चांगला जोड मी आवळला नसेन. बाहेर सरकलो तेव्हा गाडीच्या दोन्ही सीट रिकाम्या होत्या आणि उजवी बाजू पुन्हा वर आली होती.

खाली उतरलो तेव्हा पिंप पेटलेलं होतं. सेंग अंकल कागदी नोटांची गड्डी सोडवून एकेक आत टाकत होते. मी खिशातला टॅग काढला आणि काही विचार न करता त्यात टाकला. पुरावा जाळायला आयती आग मिळाली, एवढंच मला दिसलं. टॅग प्लॅस्टिकचा होता, वितळायला हवा होता. तो कागदासारखा झरझर जळाला, राखही वर उडाली.

अंकलनी हात थांबवला. "दॅट येलो वन, यू सेंड टू हू?"

"नो सेंड, अंकल. जस्ट रबिश."

"हिअर नो सच थिंग ॲज रबिश," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दिस मंथ यू बर्न, सर्टन्ली समबडी रिसीव्ह. गॉट युवर नेम ऑन इट ऑर नॉट?"

वर काय लिहिलं होतं, ते मला पाठ होतं. माझं नाव, माझी सही, आणि या जोडाला परवानगीशिवाय कुणीही हात लावू नये.

गिऱ्हाईक खूश झालं. म्हैस जहाजानं पर्थला गेली, अश्लेषा आणि कस्तुरी पुण्याला गेल्या. त्या दिवसापासून मला धड झोप नाही. विनीता म्हणते, मी झोपेत मूठ वळतो आणि दात आवळतो. मी तिला काय सांगू?

वर्षभरानं न राहवून मी पर्थच्या त्या माणसाला मेल लिहिली. वेड्यासारखी मेल होती. तो जोड कृपा करून एकदा सैल करून बघाल का, थोडा वेळ तसाच राहू द्याल का, असं काहीतरी. त्याचं उत्तर लगेच आलं, फार मायाळू होतं. काळजी करू नका, त्यानं लिहिलं होतं. असले जोड पुढेमागे त्रास देतात म्हणून त्यानं नट, गॅस्केट सगळं काढून टाकलं होतं आणि पाइप कायमचा वेल्ड करून टाकला होता. आता जन्मात गळणार नाही. सोबत फोटोही होता. सुंदर वेल्ड होता, सलग, कुठंही सुईएवढं छिद्र नाही. तो फोटो बघून मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडलो.

सैल करायला आता काही उरलं नव्हतं. बोलायचं तेवढं उरलं होतं. तेही मी आणखी वर्षभर लांबवलं. अखेर २०१५ च्या एका रविवारी, विनीता बाहेर गेलेली असताना, स्काइपवर अश्लेषाला गाठलं आणि सगळं सांगितलं. टॅग, टिक टिक, मास्कची रांग, नळी, खिळा, आठ मिनिटं. फक्त बुडबुड्याचं सांगितलं नाही, ते कुणी खरं मानलं नसतं. बोलून झाल्यावर मी मान खाली घातली आणि शिव्यांची वाट पाहिली.

"किती चांगला आहेस रे तू," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. ती हसत होती, डोळ्यांत पाणी होतं.

"मला बरं वाटावं म्हणून एवढं स्वतःवर घेतोस? अरे, मी तिथंच होते ना रवी. मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास? शांत होता. तू खोटं बोलत नाहीस."

"तेव्हाच खोटं बोललो गं! जोड सैल होता, तिन्ही नट..."

"तो नंतर सैल झाला असेल, गाडी नुसती उभी राहून. तुझ्या हातचा जोड कसा असतो ते त्या पर्थच्या माणसानं गाडी घेताना मला मुद्दाम सांगितलं होतं, इतका पक्का त्यानं बघितला नाही म्हणून. कशाला आता हे? मी सावरलेय." तिनं पदरानं डोळे पुसले. "आणि तू म्हणतोस तसं असतं, तर सौमित्रनं मला सांगितलं नसतं का?"

"म्हणजे?"

"येतो ना तो." हे तिनं दूधवाला येतो म्हणावं तसं सांगितलं. "दुपारचा येतो. समोरच्या खुर्चीत बसतो, गाडीत बसायचा तसा, पाय लांब करून. मी विचारते, का गेलास? तो तोंड उघडतो, खूप मोठं उघडतो, पण आवाजच येत नाही. श्वासच नसतो बहुधा त्याला. चेहरा काळानिळा होतो. मग घाबरून मी विचारायची थांबते."

"आणि हात असा करतो. हे मात्र रोज." अश्लेषानं उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. मूठ वळली, पण सैल, मधे काहीतरी दांडा धरल्यासारखी, आणि मनगट डावीकडे फिरवलं, नट सोडवताना फिरवतात तसं. पाव फेरा. मूठ परत जागेवर आणून पुन्हा पाव फेरा. अश्लेषानं जन्मात पाना हातात धरलेला नव्हता. "स्वतः काही करत नाही, माझ्याकडे बघून नुसता असा हात फिरवतो. विनवल्यासारखा. काय म्हणत असेल रे? तुला काही कळतंय का?"

पर्थच्या पाइपवरचा तो सलग वेल्ड माझ्या डोळ्यांसमोर आला.

"नाही गं," मी म्हणालो. "नाही कळत."

तिनं मान हलवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात कनेक्शन गेलं. चित्र थिजलं. तिचा चेहरा, अर्धी मिटलेली पापणी, मागचा पंखा, खिडकीचा पडदा, सगळं जिथल्या तिथं थांबलं. आवाज बंद झाला. मी दोनदा हाक मारली, वायर हलवून पाहिली, मग पडद्याकडे नुसता बघत बसलो.

सगळं थांबलं होतं. फक्त तो हात फिरत होता.